बधिर हाताची मालिशवाली

आजारपणात ज्यांनी ज्यांनी मला "सकारात्मक राहा" असं सांगितलं, त्यांची नावं मला पाठ आहेत. त्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल. मी लिहिते आहे ते अशा माणसासाठी, ज्याच्या अंगावर कुठेतरी एक डाग आहे, तो दुखत नाही, खाजत नाही, आणि म्हणून तो माणूस बाही खाली ओढून निवांत बसला आहे.

मी वंदना. सावलीला राहते. माझा नवरा दिलीप तिथल्याच एका राइस मिलमध्ये कामाला आहे. मला लहानपणापासून दोनच गोष्टी नीट जमायच्या, चित्र काढणं आणि दुसऱ्याचं अंग दाबून देणं. चित्रकलेच्या परीक्षा दिल्या, शाळेत ड्रॉइंग शिकवायची नोकरी मिळेल म्हणून वाट पाहिली. मिळाली नाही. मग नागपूरला जाऊन ॲक्युप्रेशर आणि मालिशचा वर्षभराचा कोर्स केला. घराच्या पुढच्या खोलीत पलंग टाकला, प्रमाणपत्र काचेत लावलं. धानाच्या रोवणीत कंबर धरलेल्या बाया यायच्या, मी दाबून द्यायचे, त्यांना बरं वाटायचं. इथवर कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

बिघडलं ते मी दोन्ही गोष्टी एकत्र केल्या तेव्हा. त्याला मी 'रंगोपचार' असं नाव दिलं. थोडं मोबाइलवरून, थोडं नागपूरच्या सरांकडून, बाकी माझ्याच डोक्यातून. पोटाला पिवळा, सांध्याला निळा, त्वचेला हिरवा. तळहातावरचा बिंदू दाबायचा आणि तिथे बारीक ब्रशने रंगाचा टिपका ठेवायचा. ज्यांचं त्यावर भागत नसे त्यांना मी एक चित्र काढून द्यायचे. रोज सकाळी दहा मिनिटं समोर ठेवून बघा. चित्रं चांगली असायची. मोहाचं झाड, वारूळ, बांबूच्या बेटातला उजेड. चित्र चांगलं म्हणून लोकांना बाकीचंही खरं वाटायचं. आता मागे वळून बघताना मला सगळ्यात जास्त किळस याचीच येते. माझ्याकडे एक खरी कला होती आणि मी ती एका थापेला चकाकी आणायला वापरली.

त्याच काळात माझ्या उजव्या हातावर, कोपराच्या जरा खाली, एक फिकट डाग उठला. बांगडीच्या आत मावेल एवढा. त्यावर लव नव्हती, उन्हाळ्यात तिथे घाम येत नव्हता. मी त्यावर रोज आंघोळीनंतर हिरवा रंग लावायचे.

दीड वर्ष मी माझ्या कुष्ठरोगाला हिरवा रंग लावत होते.

*

आठवड्यातले चार दिवस मी मोहर्लीला असायचे. वाघ बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी तिथे रिसॉर्ट आहेत, त्यातल्या एकात मला मालिशची खोली दिली होती. मॅनेजरने दारावर पाटी लावली, 'आदिवासी वनोपचार'.

मी म्हटलं, "सर, मी आदिवासी नाही. आम्ही बौद्ध आहोत."

"पाहुण्यांना काय कळते मॅडम? हे घाला फक्त." त्याने मण्यांची जाड माळ पुढे केली.

मी ती घातली. बाहेर आवारात गोंड बाया सागाची पानं झाडत असायच्या. त्यांच्या गळ्यात असली माळ मी कधी पाहिली नाही. त्या माझ्याकडे बघून आपसात हसायच्या. बरोबरच हसायच्या.

पाहुणेही एकेक नग. वाघ दिसला नाही की त्यांची पाठ दुखायची. वाघ दिसला तर पाठ दुखायची नाही, मग माझं चित्र विकत घ्यायचे आणि विचारायचे, "हे काढताना तुम्ही ध्यानात असता का?" मी "हो" म्हणायचे. खरं म्हणजे चित्र काढताना मी शिव्या घालत असते, कारण पाण्याचा रंग माझ्या मनासारखा कधीच वाळत नाही.

त्या खोलीत गरम दगडांची मालिश चालायची. काळे गुळगुळीत दगड गरम पाण्यात ठेवायचे, एकेक काढायचा, आपल्या हाताच्या कडेला लावून बघायचा, मग पाहुण्याच्या पाठीवर ठेवायचा. त्या दिवशी एक जाडजूड गृहस्थ पालथे पडले होते. मी दगड काढला, करंगळीखाली लावून पाहिला. कोमट लागला. कमरेवर ठेवला.

ते गृहस्थ असे ओरडून उठले की बाहेरच्या झाडावरची वानरं उड्या मारत पळाली. कमरेवर गोल लाल चट्टा. मॅनेजर पुढे, त्या गृहस्थांची बायको मागे, सगळे धावत आले.

"पागल झाल्या का तुम्ही?" मॅनेजर म्हणाला.

"सर, दगड कोमट होता. मी हाताला लावून पाहिला."

त्याने तोच दगड उचलला आणि लगेच टाकून दिला. बोटं तोंडात धरून तो माझ्याकडे बघत राहिला. मीही दगडाकडे बघत राहिले. त्या क्षणी मला भीती वाटायला हवी होती. मला वाटला तो अपमान. आधी अपमान, मग बाकी सगळं, असा माझा स्वभाव होता.

*

त्या गृहस्थांना मलम लावायला गावातली आशा सेविका मीरा हिला बोलावलं होतं. मीरा गोंड घरातली, माझ्याहून पंधराएक वर्षांनी लहान, दहावीपर्यंत शिकलेली. आमची तोंडओळख होती. मी तिला गोळ्या वाटणारी पोरगी समजायचे. तिच्याकडे काचेतलं प्रमाणपत्र नव्हतं.

मी मागच्या बाजूला चादरी वाळत घातल्या होत्या तिथे जाऊन बसले होते. मीरा आपली पिशवी घेऊन तिकडून निघाली होती, थांबली.

"बाई, बोट दाखवा तुमचं."

माझ्या करंगळीवर द्राक्षाएवढा फोड आला होता. मी तो पाहिलाच नव्हता.

"दुखून नाई राह्यलं?"

"नाही."

"कधीपासून असं?"

"अगं, तिथे एनर्जी ब्लॉक झाली आहे. मी करतेय त्यावर."

मीरा माझ्या समोर उकिडवी बसली. बाही वर केली. हिरवा रंग बघून तिने काही विचारलं नाही, पदराने पुसून काढला. पिशवीतलं पेन काढलं.

"डोळे मिटा. जिथी लागंल तिथी दुसऱ्या हातानं बोट ठेवा."

मी डोळे मिटले. एकदा काहीतरी लागलं, बोट ठेवलं. मग बराच वेळ काही नाही. चादरी फडफडत होत्या. मला वाटलं ही फोनवर काही बघत बसली.

"मीरा, कर ना लवकर. मला जायचं आहे."

"झालं बाई."

"काय झालं?"

"आठ डाव टोचलं मी. तुमी एक डाव बोट ठेवलं."

मग तिने माझं कोपर हातात घेतलं आणि आतल्या बाजूची नस अंगठ्याखाली फिरवली. "पाहा, दोरीवानी झाली. हात लावून पाहा तुमीच." मी हात लावला. इतकी वर्षं मी लोकांच्या नसा चाचपत होते. माझ्या कोपरात एक दोरी होती आणि मला पत्ता नव्हता.

"मी नाव नाई घेत," मीरा म्हणाली. "डॉक्टर घेतीन. उद्या चंद्रपूरले चला माह्यासंग."

मला काहीतरी लागेल असं बोलायचं होतं. मी म्हटलं, "तुला हे कोणी शिकवलं?"

"दोन दिवसाची ट्रेनिंग होती, बाई."

*

चंद्रपूरच्या सरकारी दवाखान्यात त्वचेचे डॉक्टर तरुण होते. दिलीप सावलीहून परस्पर आला होता. डॉक्टरांनी मला पाठमोरं उभं केलं आणि मोजायला लागले. एक, दोन, तीन. पाठीवर सात डाग निघाले. माझं अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या पाठी बघण्यात गेलं. माझी पाठ मी पाहिली नव्हती. दिलीपनेही नव्हती पाहिली, आणि हे त्या खोलीत तिऱ्हाईतासमोर आम्हा दोघांना एकदमच कळलं.

"काय काम करता?" डॉक्टरांनी विचारलं.

"मालिश. ॲक्युप्रेशर." मग का कोण जाणे, खरंच सांगितलं. "रंगोपचार."

"तो कशावर असतो?"

"त्वचेवर पण असतो."

ते हसले नाहीत. हसले असते तर मला त्यांचा राग करता आला असता. त्यांनी कानाच्या पाळीतून नमुना घेतला आणि अगदी साध्या शब्दांत सांगितलं: कुष्ठरोग आहे. वर्षभर गोळ्या, इथून फुकट मिळतील. औषध सुरू झालं की तुमच्यापासून कोणाला धोका नाही. रोग जाईल, नक्की जाईल. पण हाताची नस किती परत येईल ते मी सांगू शकत नाही. लवकर आल्या असत्या तर सांगितलं असतं.

डॉक्टर कुष्ठरोग म्हणाले. दिलीपने महारोग ऐकलं. मला ते त्याच्या तोंडावर दिसलं.

परतीच्या बसमध्ये गर्दी नव्हती. मी खिडकीशी बसले. दिलीप पुढच्या सीटवर जाऊन बसला, एकटा. त्याच्या मानेकडे बघत मी मूल गावापर्यंत आले. मूलला बस थांबली, तो उठला, मला वाटलं उतरतो की काय. तो मागे आला आणि माझ्या शेजारी बसला. त्या पाऊण तासाबद्दल मी त्याला अजून माफ केलेलं नाही. आणि तो उठून आला, हेही मी विसरलेली नाही.

*

गोळ्यांनी लघवी लाल होते, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्वचा काळवंडते, हेही सांगितलं होतं. पण सांगणं वेगळं आणि आरशात बघणं वेगळं. दोन-तीन महिन्यांत माझा चेहरा तांबूस काळा झाला, जुन्या सागाच्या फळीसारखा. बाजारात बाया विचारायच्या, "उन्हात लय फिरता का?" दिलीप सगळ्यांना सांगायचा, सांधेदुखीची गोळी उष्ण पडली. घरात तो माझ्या ताटात वाढायचा, माझ्याशेजारी झोपायचा, पण बाहेर माझ्या आजाराला दुसरं नाव द्यायचा. पल्लवी, आमची लेक, तिच्या लग्नाचं बघणं चालू होतं, म्हणून. मी गप्प बसायचे. तेवढी भित्री मीही होते.

माझी नणंद कुसुम दोन घरं सोडून राहते. तिला मात्र खरं सांगितलं होतं. ती रोज यायची, मदतीला. एक दिवस माझ्या लक्षात आलं की मांडणीतल्या एका गिलासाला बुडाशी लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे. माझा गिलास. माझ्याच घरात. तिच्या मते हाही रंगोपचारच असावा.

मी काही बोलले नाही. बोलले माझे वडील. ते चिमूरकडच्या गावाहून मला बघायला आले होते. पोस्टमन म्हणून रिटायर झालेले, ऐंशीच्या घरातले, अंगाने वाळलेले. कुसुमने त्यांना पाणी आणून दिलं, आणि मग मला माझ्या गिलासात. बाबांना जवळचं कमी दिसतं, पण तो ठिपका त्यांना दिसला.

"हे लाल कायचं हो, कुसुमबाई?"

"काई नाई बाबूजी. वहिनीचा गिलास ओळखू यावा म्हणून."

"ओळखू काऊन यावा?"

कुसुम म्हणाली, "डॉक्टरनं सांगतलं."

"डॉक्टर म्हणे काई धोका नाई. मले पोरीनं सांगतलं." बाबांचा आवाज चढला नव्हता. "मी शाळेत होतो, तवा मले माठाले हात नव्हते लावू देत. वरून ओतत, ओंजळीत. मंग आपण बौद्ध झालो. माही माय म्हणे, आता जलमभर कोणी तुह्या ओंजळीत वरून पाणी नाई ओतन. अन् तू माह्या लेकीले ठिपका लावून राह्यली? आपल्याच घरात?"

त्यांनी माझ्या हातातला गिलास घेतला आणि उभ्याउभ्या सगळं पाणी प्यायले. शेवटच्या घोटाला त्यांना जोराचा ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, मला पाठ चोळावी लागली. त्यामुळे प्रसंग काही फार भारदस्त झाला नाही. कुसुम महिनाभर आली नाही. तो महिना फार छान गेला.

*

बातमी शेवटी फुटलीच. मग सल्ला देणारे आले. कोणी गोमूत्र सांगितलं, कोणी नागाच्या शापाचं नाव घेतलं, कोणी नुसतंच दारातून डोकावून माझी बोटं मोजली. दहा होती. त्यांची निराशा झाली असणार.

नागपूरच्या सरांचा फोन आला. ज्यांनी मला शिकवलं होतं ते सर. एकेकाळी मी त्यांच्या पाया पडायचे. ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "वंदना, त्वचेचा आजार म्हणजे मनातला तिरस्कार बाहेर येतो. शोध, तुझ्या मनात कोणाबद्दल तिरस्कार आहे?"

"सर, आतापर्यंत नव्हता," मी म्हटलं. "आता आहे."

फोन ठेवल्यावर मी पुढच्या खोलीत गेले, प्रमाणपत्राची काच भिंतीवरून काढली. फोडली वगैरे नाही. पलंगाखाली सरकवली.

*

तिसऱ्या महिन्यात माझं कोपर पेटलं. रोग मरताना नसांना सूज येते, असं डॉक्टरांनी सांगितलं. ताप, ठणका, आणि आठ दिवसांत करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळायला लागलं. सरळ करायला गेलं तर होईना. मी दुसऱ्या हाताने ती सरळ करायचे, सोडलं की पुन्हा वळायची. चमच्यात भात राहीना. मला कुष्ठरोगाच्या एका जुन्या दवाखान्यात दाखल केलं, सूज उतरवायची औषधं द्यायला.

तिथला दिवस असा असतो: सकाळी सगळ्यांनी हातपाय पाण्यात बुडवून बसायचं, अर्धा तास. मग कोरडी कातडी घासायची, तेल लावायचं, एकमेकांचे तळपाय तपासायचे, कुठे काटा, कुठे फोड. मग व्यायामवाल्या ताई येतात. वळलेली बोटं मांडीवर ठेवून सरळ करायची, दहा वेळा, पुन्हा दहा वेळा. मी पहिले दोन दिवस तोंड वाकडं करून बसले. मग मला कळलं की इथे काहीच जादू नाही, कोणीच जादू सांगत नाही, आणि म्हणूनच इथे बरं वाटतं. एका म्हाताऱ्या बाईने न विचारता माझ्या हाताला तेल लावलं. तिला स्वतःला तीनच बोटं होती. तिच्या हाताचं वजन मला आतापर्यंत मिळालेल्या कुठल्याही मालिशपेक्षा बरं वाटलं, हे मी धंद्यातली बाई म्हणून सांगते.

पाचव्या दिवशी माझ्या शेजारच्या खाटेवर शांताबाई आली. पायाला बँडेज, चालताना पाऊल फटकन खाली पडायचं. तिने मला बघितलं आणि मान फिरवली. मी तिला ओळखलं नाही. मी काळवंडलेली असूनही तिने मला लगेच ओळखलं.

दुपारच्या जेवणाला ती बोलली. "सावलीच्या रंगवाल्या बाई ना तुमी?"

मग आठवलं. दोन वर्षांपूर्वी ती माझ्याकडे आली होती, वैनगंगेकाठच्या गावाहून. पायाला मुंग्या, चप्पल पायातून निसटते पण कळत नाही. मी पाच महिने तिच्या तळपायावर निळे टिपके ठेवले. एक चित्रही दिलं होतं, नदीचं.

"तुमी म्हनलं होतं, नस मोकळी होते," शांताबाई म्हणाली.

"हो."

"मी आशाबाईले सांगतलं, गोळी नको, माहा इलाज चालू आहे. त्या दोन डाव घरी आल्या. मी दोन्ही डाव वापस पाठवलं." तिने भाताचा घास घेतला, चावला, गिळला. "तुमाले ठाऊक नव्हतं, का ठाऊक असून?"

"ठाऊक नव्हतं."

तिने माझ्या वळलेल्या बोटांकडे पाहिलं. मला वाटलं आता ती म्हणेल, जाऊ द्या बाई, तुम्हालाही झालंच की. लोक असं म्हणतात. ती तसं म्हणाली नाही.

"ठाऊक नव्हतं त मंग बोलल्या कायले?" ती म्हणाली, आणि ताट घेऊन दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

आजारपणात मला अनेकांनी हिणवलं. त्यातलं हे एकच खरं होतं. मी बाकीच्यांना उलट तुच्छ लेखून सुटका करून घेतली. शांताबाईच्या बाबतीत ते जमलं नाही. तीन आठवडे आम्ही शेजारी झोपलो. ती माझे तळपाय तपासायची, कारण तो तिथला नियम होता. मी तिचे तपासायचे. जखम भरत होती, पाऊल उचललं जात नव्हतं. ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. शेवटच्या दिवशीसुद्धा.

*

व्यायामवाल्या ताईंना कोणीतरी सांगितलं की मी चित्रं काढते. त्या खूश झाल्या. "मग काढा ना! कलेने माणूस बरा होतो."

"ताई, कलेने कोणी बरं होत नाही," मी म्हटलं. "मी ते विकून बसले आहे."

"बरं, मग बोटं हलतील म्हणून काढा."

हे मला पटलं. बारीक ब्रश हातात थांबत नव्हता. दोन बोटांना त्याचा पत्ताच लागत नव्हता, निसटून पडला तरी डोळ्यांनी बघितल्यावर कळायचं. ताईंनी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा दांड्यावर गुंडाळून दिला, मक्याच्या कणसाएवढा जाड. पहिलं चित्र पाण्याच्या टबातल्या पायांचं काढलं. भयंकर होतं. रेषा कापत होत्या, टबाची कड सरळ आली नाही. पण मी त्या चित्राला कुठल्या रोगाचं नाव दिलं नव्हतं, ते कोणाला रोज सकाळी बघायला सांगणार नव्हते. फक्त पाय होते, पाण्यात. कितीतरी वर्षांनी मी एक चित्र कुठल्याही खोट्याशिवाय काढलं. दुसऱ्या दिवशी आणखी एक काढलं. तेही वाईट होतं.

*

घरी आल्यावर माझी पेशंटची वही काढली. मागच्या चार वर्षांत माझ्याकडे कोण, कुठून, कशासाठी आलं ते त्यात लिहिलेलं आहे. मुंग्या, बधिरपणा, डाग, असं जिथे लिहिलं होतं ती नावं मी वेगळ्या कागदावर उतरवली. कागद घेऊन मोहर्लीला मीराकडे गेले.

तिने कागद वाचला. "बाई, हे सगळे सावलीकडचे. माह्या गावातले नाईत."

"तिकडच्या आशांना सांग. मी सोबत जाते."

"ते तुमाले शिव्या देतीन."

"देऊ दे."

दिल्या. काहींनी दार लावून घेतलं. एका माणसाने माझं चित्र भिंतीवरून काढून माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "हे घेऊन जा आधी." दिलीप मोटरसायकलवर मला नेत होता, कारण मला उजव्या हाताने ब्रेक दाबता येत नव्हता. एका घरी बाईने विचारलं, "तुमाले का झालं?" मी तोंड उघडायच्या आत दिलीप म्हणाला, "कुष्ठरोग झाला तिले. गोळ्या चालू आहेत." पहिल्यांदाच. त्याने गाडीकडे बघत सांगितलं, माझ्याकडे नाही, पण सांगितलं.

त्या कागदावरच्या दोघांना रोग निघाला. दोघांनाही वेळेत. हे मी पुण्य म्हणून सांगत नाही. शांताबाईचं पाऊल त्यामुळे उचललं जात नाही.

पल्लवीचं लग्न एका ठिकाणी मोडलं आणि दुसऱ्या ठिकाणी जमलं. ज्यांनी मोडलं त्यांच्याबद्दल मला फक्त एवढंच वाटतं की बरं झालं, लवकर कळले.

माझ्या गोळ्या संपून आता सहा महिने झाले. चेहऱ्याचा काळा रंग उतरतो आहे. दोन बोटं थोडी सरळ झाली, पूर्ण नाही. रंगोपचाराची पाटी काढली. आता नुसतं 'मालिश' लिहिलं आहे. डाव्या हाताने आणि उजव्या हाताच्या चांगल्या भागाने करते. कोणी आली की आधी पाठ बघते, हात बघते, आणि ज्याचं मला कळत नाही त्याबद्दल "मला कळत नाही" म्हणते. धंदा अर्धा झाला. लोकांना न कळणारी बाई नको असते.

मागच्या महिन्यात आमच्या भागातल्या आरोग्य केंद्राची बाहेरची भिंत मला रंगवायला मिळाली. आधी तिथे कुष्ठरोगाचं चित्र होतंच, झडलेली बोटं, बसकं नाक, खाली मोठ्या अक्षरांत घाबरू नका. ते बघून कोणीही घाबरेल आणि म्हणेल, मला असं काही नाही. मी त्यावर चुना मारला. मग एक पाठ काढली. रोवणी करणाऱ्या बाईची, वाकलेली, ऊन पडलेली, धडधाकट पाठ. आणि तिच्या खांद्याखाली एक फिकट डाग. बस, एवढंच. जाड दांड्याच्या ब्रशने चार दिवस लागले.

चौथ्या दिवशी एक बाई लेकराला डोस पाजायला आली होती. ती माझ्या मागे येऊन उभी राहिली. लेकरू कडेवर. बराच वेळ बघून ती म्हणाली, "पाठ झ्याक काढली जी. पण डाग चुकला."

"कसा काय चुकला?"

"इतका पांढरा नसते तो. लालसर असते. अन् कडेले जरा उंच." तिने लेकरू दुसऱ्या कडेवर घेतलं आणि दंडावरची बाही वर केली. "हे पाहा. असा असते."

मी ब्रश खाली ठेवला. तिला आत डॉक्टरांकडे घेऊन गेले, ती "मले काऊन? मले काई नाई दुखत" म्हणत असताना. ती तपासायच्या खोलीत बसल्यावर मी बाहेर आले, रंगात थोडा गेरू मिसळला आणि डाग दुरुस्त केला. बाईचं बरोबर होतं.